ते जंकसच होतं

सर,

मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्याबद्दल लिहायला बसलं की हात आपोआप मऊ पडतो आणि कौतुकाची वाक्यं यायला लागतात. गेल्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या एकाचा फोन आला. तुमची आठवण म्हणून माजी विद्यार्थी स्मरणिका काढतायत. तो म्हणाला, "तू तर सरांची लाडकी. दोन पानं तुला लिहावीच लागतील." मी हो म्हणाले, कागद घेतला आणि पहिलं वाक्य लिहिलं, 'सरांनी मला बघायला शिकवलं.' खरं आहे ते. पण अर्धंच खरं आहे. ते अर्धं खरं छापून यावं आणि शेजारी तुमचा हार घातलेला फोटो असावा, हे मला सोसवेना. तो कागद बाजूला सारला आणि हा घेतला.

बघायला तुम्हीच शिकवलंत, त्याबद्दल वाद नाही. कालव्याच्या काठावरची ती सकाळ मला आजही स्वच्छ दिसते. कालवा पाझरायचा, म्हणून त्याच्या खालच्या अंगाला बारमाही ओल असायची आणि तिथे कमरेएवढं हिरवं माजलेलं असायचं. गावातले लोक त्या सगळ्यालाच लव्हाळा म्हणायचे. तुम्ही आम्हाला ओळीत उभं केलंत आणि म्हणालात, "डोळे मिटा." मग प्रत्येकाच्या हातात एकेक काडी दिलीत. "चिमटीत धरून फिरवा. काय लागतं?" माझ्या चिमटीत कडा लागल्या, तीन. "तीन कडा लागल्या की तो मोथ्याच्या कुळातला," तुम्ही म्हणालात. शेजारच्या मुलाच्या काडीला मधेमधे पेरं होती, ते गवत निघालं. तिसऱ्याची काडी गोल, गुळगुळीत, पेर नाही. तो उत्साहानं ओरडला, "सर, जंकस!" पुस्तकात तसंच होतं ना, गोल देठ, भरीव, पेर नसलेला, म्हणजे जंकस. तुम्ही त्याच्या डोक्यावर टपली मारलीत. "कावून बे, एवढी घाई कसली? गोल देठाचे मोथेही असतात. बोटं फसतात. फूल उघडल्याबिगर नाव घ्यायचं न्हाई." वर्गात तुम्ही पुस्तकी बोलायचा, पण शिवारात गेलात की तुमची गावाकडची, उमापूरची भाषा बाहेर यायची. मला ती तेव्हा फार आवडायची.

मग तुम्ही भिंग काढलंत आणि एकेकाला दाखवलंत. मोथ्याच्या इवल्या कणसात एकावर एक खवले असतात आणि एका खवल्याआड एकच दाणा. जंकसचं तसं नसतं. त्याला खरंखुरं फूल असतं, फक्त कोरडं, तपकिरी, कुणाच्या नजरेत न भरणारं. सहा पाकळ्यांची चांदणी, आणि मधे बोंड. कापसाच्या बोंडासारखंच उकलणारं, पण मोहरीएवढं, आणि आत धुळीसारख्या पुष्कळ बिया. हे तुम्ही नंतर वर्गात फळ्यावर काढून दाखवलंत, कारण दाखवायला खरं जंकस नव्हतं. "आपल्या दुष्काळी मुलखात ते कुठलं सापडायला," तुम्ही म्हणालात. "पण माहीत पाहिजे. आणि एक ध्यानात ठेवा, मी सांगतो म्हणून मानू नका. भिंगातून दिसेल ते माना." मी ते मानलं, सर. माझ्याइतकं त्या वर्गात कुणीच मानलं नसेल.

दुसऱ्या वर्षी तुम्ही तुमचं जुनं पितळी भिंग मला दिलंत. सगळ्यांसमोर दिलंत. म्हणालात, "हिची नजर माझ्यापेक्षा चांगली हाय." कापडदुकानदाराची मुलगी मी. आमच्या घरात मुलीच्या नजरेचं कौतुक कुणी केलं नव्हतं, ती खाली असली की झालं. त्या दिवशी घरी जाऊन मी अप्पांना भिंग दाखवलं. अप्पांनी त्यातून आपल्याच सदऱ्याचा धागा बघितला आणि खूश होऊन म्हणाले, "आरं तिच्या! ताणा न् बाणा येगळा दिसायला लागला की." तिथूनच एम.एस्सी.चं बोलणं सुरू झालं. अप्पा तयार होते. औरंगाबादला माझ्या आत्याच्या घरी राहायचं, हेसुद्धा ठरलं होतं. आमच्या गल्लीतली एकही मुलगी तोवर तिथे शिकायला गेलेली नव्हती. मी जाणार होते.

शेवटच्या वर्षी हिवाळ्यात आपली सहल धारूरला गेली. किल्ला बघून पोरं घाट उतरत होती आणि वाटेत खडकातून पाणी पाझरत होतं. फार नाही, नुसती ओल आणि खाली चिखलाचा पट्टा. तिथे गुडघ्यापर्यंत वाढलेले ठोंब होते, देठ गोलसर, किंचित चपटे, टोकाला तपकिरी फुलांचे झुबके. मी खाली बसले. एक पान सहज नखाखालून ओढलं आणि नखाला ठेचा लागल्या, टिक, टिक, टिक, जणू पानाच्या आत बारीक पडदे घातलेत. मोथ्याच्या पानाला तसं काही लागत नाही. मी हाक मारली. तुम्ही वरूनच बघितलंत, उभ्या उभ्या, आणि म्हणालात, "मोथ्याचंच कूळ हाय ते. चला पुढं, यष्टी चुकंल." मी चार काड्या ओल्या रुमालात गुंडाळल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, आईची भाकरी थापून झाल्यावर, मी स्वयंपाकघरात चुलीपाशीच बसले. निवलेला काळा तवा पालथा घातला, त्यावर एक पिकलेलं बोंड ठेवलं आणि सुईनं फोडलं. तव्यावर भुकटी सांडली. भिंग लावलं तर ती भुकटी नव्हती, बिया होत्या. बाजूला फूल उलगडलं, सहा पाकळ्या, तीन बाहेर, तीन आत. आई म्हणाली, "काय सापडलं गं? लईच हसायलीस." मी सांगितलं, "आई, सर म्हणतात ते आपल्याकडं उगवत नाही, ते उगवलंय." तिला त्यात काय एवढं ते कळलं नाही, पण ती माझ्याबरोबर हसली.

मी तुमच्याकडे लगेच आले होते, आठवतं? विभागात तुम्ही वैतागलेले होता. त्याच आठवड्यात आपल्या प्रयोगशाळेच्या मधोमध प्लायवूडची भिंत घालून अर्धी खोली कॉम्प्युटरला दिली होती. पलीकडे थंडगार हवा आणि नवीन खुर्च्या, अलीकडे आपण आणि फॉर्मॅलिनच्या बरण्या. तुम्ही म्हणालात, "नंतर बघू." नंतर काही तुम्ही बघितलं नाहीत. आणि प्रात्यक्षिक परीक्षेला ओळखायला म्हणून तुम्ही टेबलावर तेच मांडलंत. नुकतंच कुणाकडून तरी धारूरहून आणवलेलं, ताजं. तुमच्या उत्तराच्या कागदावर मोथ्याचं कूळ होतं. मी माझ्या उत्तरात जे दिसलं ते लिहिलं. मला हुशारी दाखवायची नव्हती, सर. परीक्षा होती, आणि नाव विचारलं होतं.

बाहेरून आलेले परीक्षक तरुण होते. त्यांनी माझा पेपर उचलला आणि विचारलं, "हे जंकस कशावरून?" मी उभी राहिले. पानातले पडदे सांगितले, सहा पाकळ्या सांगितल्या, एका फळातल्या पुष्कळ बिया सांगितल्या. त्यांनी भिंग मागितलं, मी माझं दिलं. बराच वेळ बघून ते म्हणाले, "सर, मला तर हिचं पटतंय." तुम्ही टेबलापाशी आलात. परीक्षकांनी भिंग पुढे केलं, ते तुम्ही घेतलं नाहीत. "फळं कवळी हायेत," तुम्ही म्हणालात. "त्याच्यावरून काय सांगता यायचं न्हाई. आन् या जिल्ह्यात जंकस कुठनं येणार?" परीक्षक मोकळेपणानं हसले. "म्हणजे आज शिष्येनं गुरूची परीक्षा घेतली म्हणायची!" मागच्या बाकावर कुणीतरी खी: खी: केलं. मग आणखी दोघांनी. तुमच्या कानशिलावर लाली चढलेली मला दिसली. परीक्षक पुढच्या टेबलाकडे वळल्यावर तुम्ही माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणालात, "शेफारलीस तू."

आठवड्याभरात तुम्ही आमच्या घरी आलात. दुकानाच्या मागेच आमचं घर, बैठकीच्या आणि स्वयंपाकघराच्या मधे नुसता पडदा. सर घरी आले म्हणून आईची केवढी धांदल! मी चहा गाळत होते. मला वाटलं, औरंगाबादच्या प्रवेशाचं सांगायला आलात. अप्पा म्हणाले, "सर, तुमीच सांगा, पोरीला तिकडं धाडायचं मनात हाय. कसं करावं?" तुम्ही म्हणालात, "खरं सांगू का अप्पा? पोरगी कष्टाळू हाय, पण निरीक्षण कच्चं हाय. तिकडं टिकायची न्हाई. उगं दोन वर्सं जातील आन् पोर हिरमुसून माघारी यील. चांगलं स्थळ आलं आसंल तर बघा." माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली आणि चहा कपाबाहेर गेला. आईनं माझ्याकडे बघितलं आणि फडक्यानं ओटा पुसला. पडद्यापलीकडून अप्पांचा आवाज आला, "तुमी म्हणता म्हंजे झालंच की, सर." तो चहा घेऊन मीच बाहेर आले. तुम्ही बशीत ओतून प्यायलात. माझ्याकडे बघितलं नाहीत.

त्या संध्याकाळी मी अप्पांशी भांडले. जन्मात पहिल्यांदा. मी म्हणाले, "अप्पा, सर चुकतायत. मी बरोबर आहे." अप्पा म्हणाले, "आगं, कापडाचं मला कळतं, त्यात मी कुणाचं ऐकत न्हाई. पण झाडापाल्याचं ज्याला कळतं त्याचं ऐकाय नको का?" त्यांच्यावर मला कधी नीट रागावता आलं नाही. ते ज्याचं त्याला मान देणारे होते, आणि तुम्ही त्याचाच उपयोग केलात.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. कुठे, तर धारूरला. औषधाचं दुकान, साधी माणसं, नवरा समजूतदार. मुलगी झाली, मग त्यांनी मला बी.एड. करू दिलं. 'करू दिलं' हे मी आजही सहज बोलते आणि मग माझाच मला राग येतो. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायला लागले. चांगलं चाललं होतं, अजून चाललंय. आणि तुम्हाला ऐकून नवल वाटेल, त्या सगळ्या वर्षांत मी तुमच्यावर फारशी चिडले नव्हते. मी मनाशी एक समजूत करून घेतली होती. सरांना खरंच वाटलं की ही मुलगी चुकली. त्यांना माझं निरीक्षण कच्चं वाटलं, त्यांनी प्रामाणिकपणे तसं सांगितलं. माणूस चुकतो. शिक्षक झाल्यावर तर मला ते जास्तच पटलं, मीही चुकीचा अंदाज करते पोरांचा. अशी मी तुम्हाला माफी देऊन टाकली होती. कुणी मागितली नसताना.

मग बीडच्या स्टँडवर तुम्ही भेटलात. मी माहेराहून परत येत होते, मुलगी माझ्या पदराला धरून पेरू खात होती. तुम्ही बाकड्यावर बसलेले, मफलर गुंडाळलेला, पार वाळलेले. मी पाया पडले. तुम्ही डोळे बारीक करून बघितलंत आणि तुमचा चेहरा उजळला. "आगं, तू! तुला धारूरला दिली न्हवं?" मी हो म्हणाले. तुम्ही कॉलेजचं सांगायला लागलात. आता बॉटनीला कुणी येत न्हाई, पोरं सगळी कॉम्प्युटरला पळतात, आपली उरलेली अर्धी खोलीही गेली. नमुन्यांचे कागद कुठल्याशा कोठीत टाकलेत, वाळवी लागली असंल. मग एकदम आठवल्यासारखं म्हणालात, "धारूरला हायेस तर तो पाझर बघितला का परत? घाटातला?"

"जाते की अधूनमधून," मी म्हणाले.

"ते जंकसच होतं बरं का!" तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी मी बसलो भिंग घेऊन. एक पिकलेलं फळ घावलं. फोडलं तर हीऽ भुकटी! तू बरोबर होतीस. लई बारीक नजर तुझी." आणि हसलात, जुन्या गमतीवर हसावं तसे.

मी उभीच होते. तुमची उमापूरची गाडी लागली, लोक दारात लोटालोटी करायला लागले, तुम्ही पिशवी उचललीत. तेव्हा कुठे माझ्या तोंडातून शब्द फुटला, तोही माझ्या माहेरच्या भाषेत. "मग सर, अप्पांना तसं कावून सांगितलं तुमी?"

"काय सांगितलं?"

"माझं निरीक्षण कच्चं हाय म्हणून. औरंगाबादला धाडू नका म्हणून."

तुम्ही थांबलात. मला वाटलं, आता मान खाली घालाल. पण तुमच्या चेहऱ्यावर नुसतं नवल होतं. "मी? मी असं म्हणलो? न्हाई गं पोरी, मला तर आठवत न्हाई. तुझ्या अप्पांच्याच मनात आसंल तसं." कंडक्टरनं घंटी मारली. तुम्ही चढलात, खिडकीतून हात केलात. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात.

दुसऱ्याच दिवशी, सर. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी तुम्हाला कळलं होतं, आणि तुम्ही आमच्या घरी आलात ते त्यानंतर. माझी नजर चांगली आहे हे पक्कं ठाऊक असताना तुम्ही बैठकीत बसून ती कच्ची आहे असं सांगितलंत आणि बशीतला चहा प्यायलात. आणि मग ते विसरून गेलात. बोंडातली भुकटी तुम्हाला आठवते, फळ कुठल्या दिवशी फोडलं ते आठवतं, आणि एका मुलीचा रस्ता कुठे तोडला ते आठवत नाही. वर ते माझ्या बापाच्या माथी मारलंत, ज्याला जाऊन तोवर वर्ष झालं होतं आणि जो 'मी न्हाई' म्हणायला येऊ शकत नव्हता. मी तुम्हाला दिलेली माफी त्या स्टँडवरच परत घेतली. तुम्ही उमापूरच्या कोरडवाहू रानातून कसे वर आलात, गावातले पहिले एम.एस्सी. कसे झालात, हे मला माहीत आहे. त्या परीक्षकाचं हसणं आणि मागच्या बाकावरची खी: खी: तुम्हाला किती झोंबली असेल तेही मला कळतं. कळतं म्हणून राग कमी होत नाही. मलाही खूप जण हसलेत, मी कुणाचा रस्ता तोडायला गेले नाही.

त्या पाझरावर मी दर हिवाळ्यात जाते. वरच्या अंगाला बोअर झाल्यापासून ओल कमी झालीय, पण आहे. तुम्हाला माहीत नसेल, तिथे एक नाही, दोन जंकस आहेत. एक ते आपलं, पानात पडदे असलेलं, झुबक्यात फुलणारं, ज्याचं बोंड पाकळ्यांच्या वर डोकावतं. दुसरं वीतभरसुद्धा नाही, एका हंगामाचं, केसासारख्या पानांचं. ऊन वाढलं की वाळून जातं. त्याची फुलं एकेकटी बसतात आणि पाकळ्यांची टोकं बोंडापेक्षा लांब, सुईसारखी. आधी मला वाटलं, पहिल्याचंच पिल्लू असेल. दोन हिवाळे मी पान नखाखालून ओढून बघितलं, ठेचा लागल्या नाहीत. मग मुळं बघितली, आडवा गड्डा नाही, नुसती तंतुमुळं. तेव्हा खात्री झाली. चिखलात बसून मी मोठ्यानं म्हणाले, "दोन आहेत!" आणि मग मला रडू आलं, कारण हे कळण्यासारखं माझ्या ओळखीत एकच माणूस होतं आणि ते तुम्ही होता. हाही राग लिहून ठेवते. तुम्ही माझ्यासाठी दुसरं कुणी ठेवलंच नाहीत. मी औरंगाबादला गेले असते तर असे दहा जण भेटले असते.

हे स्मरणिकेत जाणार नाही. फोन करून सांगेन की लिहायला जमलं नाही. तुमच्या मुलाकडे पाठवण्यातही अर्थ नाही, त्यानं काय करायचं याचं. लिहिलं म्हणजे थोडं हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसंही काही झालं नाही.

फक्त एक राहिलं. स्टँडवर तुम्ही मांडीवर थाप मारून 'तू बरोबर होतीस' म्हणालात ना, तेव्हा मी काही बोलले नाही, ते रागानं नव्हे. राग गाडी हलल्यावर आला. त्याच्या आधी, सर, मला आनंद झाला होता. इतका, की मुलगी पदर ओढून काहीतरी विचारत होती ते मला ऐकूच आलं नाही.